मॅनी अरूडाचा डावा हात

लोकांना हसवून पोट भरणाऱ्यांशी माझं काही वैर नाही, पण ते आमच्याकडे जेवायला आलेले मला चालत नाहीत. त्या मंगळवारी तर दोघं येणार होते, कॅमेरे घेऊन, आणि त्यातला एक आमच्या मॅनीचा सख्खा मुलगा होता.

मी ओडेट फुर्तादो. पॉटकेट गावच्या लाम्ब्रोस या खानावळीत काउंटरवर एकतीस वर्षं काढली. लाम्ब्रोसच्या सात शाखा आहेत, सगळ्या ऱ्होड आयलंड राज्यात, आणि मूळ मालकाने, थोरल्या लाम्ब्रोसने, घालून दिलेली रीत सातही ठिकाणी चालते. शेगडीवरचा माणूस डावी बाही वर करतो, मनगटापासून कोपरापर्यंत हातावर पाव ओळीने मांडतो आणि उजव्या हाताने सपासप भरत जातो. सॉसेज, मस्टर्ड, खिमा, कांदा, वरून सेलरीचं मीठ. याला विनर म्हणायचं. बाकीच्यांच्या हातावर दहा-अकरा मावतात, मॅनी अरूडाच्या हातावर तेरा. अडतीस वर्षांत त्याने एकही खाली पाडलेला मी पाहिला नाही की ऐकला नाही.

सहा वर्षांपूर्वी नेल्सनने, म्हणजे याच मुलाने, लॉस एंजेलिसच्या कुठल्याशा स्टेजवर बापाचा किस्सा सांगितला. बापाच्या हाताला अस्वलासारखे केस, त्यावर पाव, आणि शेवटी काय तर ‘दुसऱ्यांच्या जेवणात केस नसतो हे मला बाराव्या वर्षी कळलं.’ लोक म्हणे खुर्चीवरून पडले. तो तुकडा फोनाफोनांतून देशभर फिरला आणि नेल्सनचं नशीब उघडलं. इकडे पोरंटोरं काउंटरला लटकून मॅनीला केस दाखवायला सांगू लागली. एका बाईने तर भरलेली प्लेट परत केली. मॅनी सगळ्यांबरोबर हसायचा. मुलगा नाव काढतोय, म्हणायचा.

मग एका सोमवारी त्याने बाही वर केली आणि मी बघतच राहिले. हात मनगटापासून वरपर्यंत साफ, तान्ह्या मुलासारखा. काहीतरी बोलायला मी तोंड उघडलं, पण त्याने माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की ते तसंच मिटलं. त्या दिवसापासून रोज हात तसाच. नाताळात नेल्सन चार दिवस घरी यायचा तेव्हा मॅनी अंगातला स्वेटर काढायचा नाही, त्यामुळे त्याला या गोष्टीचा पत्ताच नव्हता. मला त्या पोराचा इतका राग यायचा की कॉफी-दूध ओतताना मी निम्मं काउंटरवर सांडायचे.

हात साफ झाला तरी बोभाटा काही थांबला नाही. ‘हातावरचं नको, नुसतं प्लेटमध्ये द्या’ म्हणणारे वाढतच गेले. शेवटी थियाने, म्हणजे थोरल्या लाम्ब्रोसच्या नातीने, खाचा पाडलेले स्टीलचे ट्रे करून घेतले. दुकानं आता तीच बघते. ती वाईट नाही, फक्त घाबरट आहे. तिने मॅनीला तोंडावर सांगितलं, की नेल्सनचा कार्यक्रम वीस लाख माणसं बघतात. हात बघून त्यांना शिसारी आली तर सोमवारपासून सातही शाखांत ट्रे, आणि हाताची रीत बंद. मॅनी हसला. “निकाल माझा मुलगा देणार आहे, थिया. तू ट्रेला गिऱ्हाईक बघायला लाग.” माझा चेहरा त्याला दिसू नये म्हणून मी कांद्याकडे वळले.

दोघं अकराच्या सुमारास आली. नेल्सन आणि त्याची कार्यक्रमातली जोडीदारीण टेस हॅलोरन. गावोगावच्या नावाजलेल्या खानावळींत जायचं, खायचं, टिंगल करायची आणि शेवटी निकाल द्यायचा, असा त्यांचा धंदा. दुकान दारापर्यंत भरलं होतं. टेस मुलगी हसरी होती, पण आल्याआल्या तिने चार हॉटडॉग मागितले आणि वर केचप. रांगेतल्या टपालवाल्याने, त्या बुटक्या गागनेने, छातीवर क्रूस केला. मी तिला सांगितलं, “बाई, इथे हॉटडॉग मिळत नाही, विनर मिळतो. आणि केचप तळलेल्या बटाट्यांसाठी आहे, तेही दहा वर्षांखालच्यांना.” ती खरोखर चपापली. कॅमेरावाले खूश झाले.

पण नेल्सनला खरा धक्का पुढे द्यायचा होता. त्याने एक कॅमेरा शेगडीच्या अगदी जवळ आणवला, टेसला मन घट्ट करायला सांगितलं आणि बापाला म्हणाला, “पापा, बाही सावकाश वर कर. लोकांना नीट दिसू दे.”

मॅनीने बाही वर केली. सावकाशच केली, मुलाने सांगितलं होतं तशी. त्या झगझगीत दिव्यात वस्तऱ्याने लाल झालेले बारीक ठिपके मलासुद्धा पहिल्यांदाच दिसले. टेस बिचारी नेल्सनच्या पुढच्या वाक्याची वाट बघत होती. वाक्य येईना म्हणून तिनेच विचारलं, केस कुठायत म्हणून.

“रोज सकाळी काढतो,” मॅनी म्हणाला. आवाज अगदी साधा, हवापाणी सांगतात तसा. “याचा किस्सा आला तेव्हापासून.”

मॅनीने हातावर आठ पाव मांडले, चार टेसचे आणि चार नेल्सनचे, आणि भरायला सुरुवात केली. खिमा घालता घालता, मान वर न करता, तो म्हणाला, “एक विचारायचं राहिलं होतं तुला. किती वेळा सापडला?”

“काय, पापा?”

“केस. तुझ्या खाण्यात. मी सहा वर्षं आठवून बघतोय, मला एकदाही आठवत नाही. म्हणजे माझं लक्ष नसणार. तुझ्या ताटात जात होता तर अजून किती लोकांच्या पोटात गेला असेल, हे डोक्यातून जात नाही रे.”

मी सहा वर्षं समजत होते की त्याला चारचौघांत झालेल्या चेष्टेची लाज वाटते. मुलाचं म्हणणं त्याने खरं धरलं होतं, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. आपल्या हाताने आपण गावाला घाण खाऊ घातली असं समजून हा माणूस रोज माझ्या शेजारी उभा राहत होता, आणि मला कळलं नाही.

नेल्सन पांढराफटक पडला. टेसने कॅमेरावाल्याला थांबायची खूण केली, तर नेल्सननेच चालू ठेव म्हणून सांगितलं. मग म्हणाला, “एकदाही नाही.”

“म्हणजे?”

“कधीच नव्हता, पापा. त्या दिवशी लोक हसत नव्हते. माझी दोन मिनिटं उरली होती. मग मी किश्श्यात केस घातला.”

थिया गल्ल्याजवळ सुटे पैसे मोजत होती, ते तिने तसेच टाकले. सहा वर्षांच्या तक्रारी, परत आलेल्या प्लेटा, ते ट्रे, सगळं त्या दोन मिनिटांतून निघालेलं. गागने टपालवाल्याने मोठ्याने कसलीशी फ्रेंच शिवी हासडली, आणि त्याला कुणी गप्प केलं नाही. मला तर त्या पोराच्या कानाखाली वाजवावी असं वाटत होतं आणि त्याला जवळ घ्यावं असंही वाटत होतं, कारण तो आता बारा वर्षांचाच दिसत होता.

मॅनी ओरडला नाही. टेसचे चार त्याने तिच्या प्लेटमध्ये ठेवले. उरलेले चार, नेल्सनचे, त्याने गागनेला दिले. पैसे घेतले नाहीत. मग रांगेकडे बघून विचारलं, “पुढे कोण?”

नेल्सनला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा तो कोट उचलून बाहेर गेला आणि फुटपाथवर रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. त्याच्या पुढे वीस-बावीस माणसं तरी होती, आणि एकाही माणसाने त्याला पुढे जा म्हटलं नाही. टेसने चारही विनर संपवले, प्लेट चाटूनपुसून साफ केली, आणि कॅमेऱ्याला एवढंच सांगितलं की आजवर ज्या हातांचं खाल्लं त्यात हा सगळ्यात स्वच्छ. मग तिने दिवे बंद करायला लावले. थियाने मला हळूच विचारलं, ट्रे परत घेतील का गं? घेतील नाही तर वितळवतील, म्हटलं, पण इथे आणू नकोस.

पाऊण तासाने नेल्सनची पाळी आली. मॅनीने बाकी गिऱ्हाइकांना विचारतो तसंच विचारलं, “किती?”

“चार. सगळं घालून.”

मॅनीने हातावर पाव मांडले. मी मोजले, चार नव्हते, पाच होते. मस्टर्डची एक रेघ त्याच्या मनगटावर ओघळली, आणि असं त्याच्याकडून झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पाचही त्याने कागदात गुंडाळून पिशवीत घातले. नेल्सनने पिशवी धरली, पण मॅनीने सोडली नाही.

“इथे खायचे नाहीत,” तो म्हणाला. “घरी जा. कोपराच्या मागचं मला नीट दिसत नाही. तिथले केस रोज तुझी आई काढते, सहा वर्षं. मी कामावर जायच्या आधी पाच वाजता उठते त्यासाठी. मला सांगितलंस ते तिला सांग.”

नेल्सनने पिशवी दोन्ही हातांनी धरली.

“बिनकांद्याचा तिचा आहे,” मॅनी म्हणाला, आणि पिशवी सोडली.