खालचं वळण

"आधी वरच्या अंगाला बघू," धोबी म्हणाला, आणि माणसं मुकाट्याने त्याच्यामागे निघाली.

ओढ्याच्या बाबतीत त्याचा शब्द कोण मोडणार? टेकडीच्या दोन घळींतून दोन ओहोळ उतरतात, धुण्याच्या दगडांपाशी एकमेकांना मिळतात, आणि मग ओढा गावाला वळसा घालून खाली जातो. टेकडीपलीकडे पाऊस झाला की गावात लख्ख ऊन असतानाही पाणी अंगावर येतं. काल दुपारी तसंच आलं. धोब्याचा थोरला भाऊ तेव्हा दगडावर चादरी आपटत होता. धोबी इस्त्रीचे कपडे पोचवून परत आला, तर दगड पाण्याखाली आणि दादाचा पत्ता नाही.

"दादाला चाहूल लागली असणार. ओहोळाच्या कडेने वर चढला असेल. पाय मुरगळून बसला असेल कुठेतरी," तो सगळ्यांना सांगत होता.

एरवी कुणाची चप्पल वाहून गेली, कळशी निसटली, की गाव त्याच्या दारात. "शोध्या, आमची हरवलेली अक्कलही बघ की जरा!" असं लोक चिडवायचे. त्यात जादू कसली? ओढा जे पळवतो ते खालच्या वळणावर, पडलेल्या झाडाच्या मुळांत आणून टाकतो. हे घरातल्या तिघांनाच ठाऊक होतं. धंद्यातलं गुपित, दादा हसून म्हणायचा.

सकाळभर त्याने माणसांना दोन्ही घळी पालथ्या घालायला लावल्या. आपण त्यांना फसवतोय हे त्याला कळत होतं. पण वळणावर जाईपर्यंत दादा जिवंत होता.

दुपारी तो घरी आला. चूल थंड होती. वहिनी उंबऱ्यावर बसली होती.

"भावोजी, खाली गेला होतात?"

"वर अजून थोडं बघायचं राहिलंय, वहिनी. संध्याकाळपर्यंत..."

"लोकांची चप्पल गेली तरी आधी तिकडे धावता. तुमच्या भावाची किंमत चपलेइतकीही नाही?"

तिचा आवाज एकदम खचला. "मला का माहीत नाही ते कुठे असतील? मी तरी कुठे गेले? पायच उचलत नाही हो. पण किती वेळ त्यांना पाण्यात ठेवायचं?"

तो एकटाच उतरला. पाणी ओसरलं होतं. दादा तिथेच होता, मुळांत अडकलेला, सदरा चिखलाने माखलेला. जन्मभर लोकांचे कपडे पांढरेशुभ्र करणाऱ्या माणसाला तसं घरी न्यायचं त्याच्या जिवावर आलं. त्याने दादाचं डोकं मांडीवर घेतलं आणि ओंजळीने पाणी घालत सदरा अंगावरच धुतला. कॉलर चोळून काढली, गुंड्या लावल्या, बाह्या सारख्या केल्या.

मग त्याने माणसांना हाक मारली.