ऊसनोंदीची जुनी फाईल आणि तिची सवत

मित्रांनो, मी एक जुनी फाईल आहे. कपाटात फितीने बांधून ठेवलेली नव्हे, संगणकातली. बारामती-इंदापूरकडच्या एका साखर कारखान्यात १९९१ साली तिथल्या संगणक विभागातल्या राजेश्वरीबाईंनी मला घडवले. शेतकऱ्याचे नाव, गाव, उसाच्या लागणीची तारीख, असा एकेक रकाना त्यांनी आधी कागदावर आखला आणि मग ओळ न् ओळ टाइप करून माझा साचा केला. सहा हंगाम ऊसतोडीची यादी माझ्यावरूनच निघाली. माझे फार कौतुक होई.

मग महिपती नावाचा नवा प्रोग्रामर आला. त्याने नव्या भाषेत एकच हुकूम लिहिला आणि दुसरी फाईल उभी केली. रकाने तेच, नावे तीच. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

दोघींत सरस कोण, हे पाहायचे ठरले. महिपती घड्याळ लावून बसला. मागच्या हंगामाच्या नोंदी वाचून यादी काढायला मला अकरा मिनिटे लागली, तिला सात. राजेश्वरीबाई तिची यादी हातात घेऊन हसल्या. ते हसू मला फार लागले.

नंतर चालू हंगामाच्या नोंदी दोघींत नव्याने भरल्या. मी भराभर घेतल्या. ती मात्र प्रत्येक नोंद तपासत रेंगाळली आणि एका नोंदीवर अडूनच बसली. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

राजेश्वरीबाईंनी ती नोंद उघडली. सांगवीच्या धोंडाबाईंची होती. लागणीच्या तारखेत टाइप करताना भलतीच अक्षरे पडली होती. हंगामाच्या सुरुवातीला पहिल्यांदा भरतानाही मी ती न बघताच पोटात घातली होती. भरताना तपासणे मला कधी शिकवलेच नव्हते. तारीख नाही, म्हणून धोंडाबाईंचे नाव माझ्यावरून निघालेल्या तोडीच्या यादीत आलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी धोंडाबाईंना बोलावून घेतले. त्या खिडकीशी उभ्या राहून म्हणाल्या, “दोनदा येऊन गेले मी, बाई. यादीत नाव न्हाय म्हनून माघारी धाडलं. उसाला तुरं आलं.”

“चूक आमचीच आहे, मावशी,” राजेश्वरीबाई म्हणाल्या. “उद्या तुमच्या रानात तोडणीची टोळी येईल.”

टोळी गेली, ऊस तुटला. पण तुरे आल्याने वजन घटायचे ते घटलेच होते. त्या हंगामापासून यादी तिच्यावरून निघू लागली. खोटे कशाला बोलू, तिचे नाव ऐकले की अजून माझा जळफळाट होतो. तरी मित्रांनो, एवढे ऐका. माझ्यासारखीच्या हाती काही देताना एकदा नीट वाचून पाहा. मी सगळे मुकाट्याने ठेवून घेते, आणि तिकडे कुणाचा तरी ऊस रानात उभा असतो.