न बोलावलेल्या जोशाचा हक्क

शालिकरामला सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. वर्गात येऊन त्यानं कोरा फळा पुसला, नकाशा टांगला, वाकडा वाटला म्हणून काढला, पुन्हा टांगला. इंग्रज अमदानीतल्या अमरावतीच्या त्या खासगी इंग्रजी शाळेत तो अजून कच्चाच मास्तर होता. आज नागपूरचे इन्स्पेक्टर त्याचा इतिहासाचा तास ऐकणार आणि त्यानंतर त्याला पक्कं करायचं की नारळ द्यायचा, हे हेडमास्तर ठरवणार. भातकुलीकडच्या त्या माळ्याच्या घरात हाताला चिखल न लागता पोट भरणारा हा पहिलाच गडी. नोकरी गेली तर अख्ख्या भावकीसमोर मान खाली.

घरी दुसरंच घोडं अडलं होतं. बहीण वच्छलाचं लग्न तोंडावर आलेलं आणि बाप शेषराव कट्टर सत्यशोधक. लग्न आपल्यातल्याच माणसानं लावायचं, ब्राह्मण जोशी उंबऱ्यात नको, अशी त्याची शपथ. आता यातली गंमत अशी की, जोशी न बोलावल्यानं जोशी सुटत नसे. गावजोशी वतनदार. लग्न कोणीही लावो, दक्षिणेवर हक्क त्याचा, आणि नाही दिली तर कचेरीत दावा. त्यातून गावचे जोशीबुवा निघाले हेडमास्तरांचे मावसभाऊ! मग शालिकरामनं बापाचे पाय धरले होते.

"बाबा, एक डाव बोलवा त्याईले. माया पोटावर पाय नका देऊ."

शेषराव मळ्यात निघून गेला. त्या दिवसापासून बापलेकांत बोलणं नव्हतं.

धडा होता इंग्रजांच्या अमेरिकेतल्या जुन्या वसाहतींचा. इन्स्पेक्टर मागं बसले, शेजारी हेडमास्तर. पहिली पाच वाक्यं शालिकरामनं पुस्तकासारखी म्हटली, मग त्याला रंग चढला. तंबाखू पेरायची मजुरी आधी करारानं बांधून आणलेल्या गोऱ्या गरिबांवर आणि मग गुलामांवर कशी पडली, ते त्यानं सांगितलं. धर्मासाठी देश सोडलेली माणसं उत्तरेला उतरली आणि वेगळी प्रार्थना करणाऱ्याला त्यांनीच गावाबाहेर कसं हाकललं, तेही सांगितलं. व्हर्जिनियात तंबाखू हेच पीक आणि तंबाखू हेच नाणं. पाद्र्याचा पगारसुद्धा तंबाखूतच, आणि तो सगळ्या गावानं भरायचा.

"पण सर, ज्याले तो पाद्री नकोच असन त्यानं?" मागच्या बाकावरून एकानं विचारलं.

शालिकराम इतका रंगला होता की शाळेची भाषा बाजूला राहिली आणि घरची तोंडात आली.

"अरे, जोशाले बोलवा नाईतर नका बोलवू, हक्क तर द्याच लागे!"

हसण्याचा असा स्फोट झाला की छपरावरची कबुतरं उडाली. अर्धा वर्ग खेड्यांतून आलेला. पाद्री त्यांनी पाहिला असो-नसो, जोशी पाहिलेला होता. इन्स्पेक्टरही मिशीत हसले. हेडमास्तरांचे कान तेवढे लाल झाले.

तास संपल्यावर त्यांनी त्याला खोलीत बोलावलं. माणूस वाईट नव्हता, पण वर्मी लागलं होतं.

"इन्स्पेक्टर तुमच्यावर खूश आहेत, शालिकराम. उद्या वर्गात एवढंच सांगा की चुकीचा शब्द तोंडून गेला आणि आपल्याकडच्या रीतीशी त्याचा काही संबंध नाही. मग मी तुम्हाला कायम करतो."

सायकलवर बसल्यापासून शालिकराम उद्याचं वाक्य घोकत होता. चुकलो म्हणायला काय सोनं लागतं? एक वाक्य आणि जन्माची भाकर. तरी जीव थाऱ्यावर नव्हता. वाटेत दोनदा तो उगाच खाली उतरला, दोनदा चढला.

घरी शेषराव बाजेवर बसला होता. इतक्या दिवसांनी बाप आपणहून बोलला.

"जोशीबुवाले आवतनाची सुपारी देऊन आलो. लग्नाले येतो म्हनले."

"तुमी? काहून?"

"काहून म्हंजे? तुई नोकरी पक्की व्हाले पायजे." शेषराव त्याच्याकडे बघत नव्हता. "पायरीखाली उभा राह्यलो, हात जोडले. काई मेलो नाई."

आत त्याची आई गंगूबाई डोळे पुसत होती. शालिकरामला हवं होतं तेच झालं होतं. त्याला मात्र स्वतःची लाज वाटली. जन्मभर कोणापुढे न वाकलेला बाप त्यानं वाकवला होता, आणि उद्या वर्गापुढे तो स्वतःही वाकणार होता.

हातपाय न धुताच तो निघाला. जोशीबुवा ओटीवर पान लावत होते. शालिकराम पायरी चढून वर गेला.

"बुवा, बाबानं दिलेली सुपारी परत द्या."

बुवांच्या हातातला चुना तसाच राहिला. दिलेली सुपारी मागायला त्यांच्या दारात आजवर कोणी आलं नव्हतं.

"तुझ्या आजोबाचं लग्न माझ्या वडलांनी लावलं रे."

"मालूम हाये. तुमचा हक्क काय होईन तो घरी आनून देतो, दाव्याचं काम नाई. पन तुमी येऊ नका. लग्न आमचं आमी लावू."

बुवांनी पान तबकात ठेवलं. आवाजात राग नव्हता, नवलच होतं.

"हे उद्या शाळेत कळेल. तुला नोकरी नको का?"

"पायजे, बुवा," शालिकराम म्हणाला. "लय पायजे."

आणि त्यानं सुपारीसाठी हात पुढे केला.