कोरडा गिअरबॉक्स

अल्विन प्रीसची मॉरिस मायनर बावीस वर्षं कोठारात उभी होती. यंदाच्या फेब्रुवारीत ती ट्रॅक्टरला बांधून आमच्या गॅरेजमध्ये आणली, तेव्हा चारही टायर बसलेले होते आणि दारांच्या फटीत मेंढ्यांची लोकर अडकली होती. डावी बाजू अजून तशीच चेपलेली होती.

आमच्या नाइटन गावात ती गाडी सगळ्यांना ठाऊक होती. १९८७च्या ऑक्टोबरात टेकडी उतरताना तिची मागची चाकं एकाएकी जाम झाली. गाडी गर्रकन फिरली आणि दगडी कुंपणावर आदळली. अल्विनचा हात मोडला. शेजारी बसलेली त्याची बायको नेस्टा जागच्या जागी गेली.

चौकशीत असं ठरलं की ऑइल अडवणारं जुनं सील गेलं, ऑइल गळून गेलं आणि कोरडा गिअरबॉक्स आवळून बसला. हे शपथेवर सांगणारा माणूस माझा बाप, एडगर ट्रँटर. गॅरेज तेव्हा त्यांचं होतं. अल्विन त्यांचा शाळेपासूनचा मित्र, आणि अपघाताच्या दोनच दिवस आधी त्यांनी त्या गाडीचं ऑइल बदललं होतं. त्यांच्या शब्दावर कोणी शंका घेतली नाही.

अल्विनला शंका होती ती फक्त स्वतःची. लांब जायचं असलं की तो आधी गिअरबॉक्सचं ऑइल बघायचा. मायनरमध्ये त्यासाठी गाडीखाली शिरावं लागत नाही. डाव्या सीटपुढचा गालिचा उचलायचा, मधल्या उंचवट्यावरचं रबरी झाकण काढायचं, आतलं बूच पान्यानं सोडवायचं आणि भोकात बोट घालायचं. ऑइल भोकाच्या काठाला टेकलेलं असलं, बोटाचं टोक ओलं झालं, की पुरे. त्या सकाळी नेस्टा आधीच सीटवर बसली होती. बघायचं तर तिला उतरावं लागलं असतं. ती म्हणाली, "परवाच एडगरकडून आणलीय ना? त्याच्या हातचं काय तपासतोस? चल, उशीर होतोय." तो पाना घेऊन उभा होता, तो त्यानं डिकीत टाकला.

हे त्यानं मला गाडी सोपवताना सांगितलं. चौऱ्याहत्तरीचा झाला होता. म्हणाला, "हिल्डा, मी मेल्यावर लोक ती मोडीत घालतील. त्याआधी चालती कर. आणि तुझ्या बापासारखं चोख कर म्हणजे झालं."

मी गालिचा उचलला, बूच काढलं, बोट घातलं. कोरडं. ते अपेक्षितच होतं. मग कुठून गळलं ते बघायला खाली शिरले. गिअरबॉक्समधून सगळं ऑइल गळतं तेव्हा ते वाऱ्यानं मागं उडतं, गाडीच्या पोटाला लागतं, धूळ धरतं आणि त्याची काळी खपली होते. ती वर्षानुवर्षं जात नाही, खरवडून काढावी लागते. इथं नुसता गंज होता. सील काढलं. म्हातारं झालं होतं, पण कुठं फाटलेलं नव्हतं. खालचं बूच, ज्यातून ऑइल काढून टाकतात ते, घट्ट बसलेलं होतं आणि त्याच्याखाली नवाकोरा तांब्याचा वायसर होता. ऑइल काढलं की वायसर बदलायचाच, ही माझ्या बापाची शिस्त. मलाही त्यांनीच लावलेली.

म्हणजे ऑइल काढलं होतं आणि बूच परत बसवलं होतं. वरून नवं ऑइल मात्र कोणी ओतलंच नव्हतं. मी वायसर काढून खिशात टाकला.

डॅड माझ्याकडेच राहत. घरी गेले तेव्हा ते स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसले होते. मी वायसर त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला. त्यांनी तो उचलला नाही.

"सील बघितलंस?" त्यांनी विचारलं.

"बघितलं. शाबूत आहे."

त्यांनी सुरी खाली ठेवली. मग हळूहळू सांगितलं. ऑइल काढून खालचं बूच बसवून झालं होतं, तेवढ्यात फाटकाशी कोणाचा तरी ट्रॅक्टर बंद पडला म्हणून ते गेले. तासाभरानं परतले आणि काम झालंय अशा समजुतीनं गाडी खाली उतरवली. अपघाताच्या संध्याकाळी ती ओढून आणली, तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं होतं.

"मग बोलला का नाहीत?"

"दुसऱ्या दिवशी सांगणार होतो. तर अल्विनच आला. हात गळ्यात बांधलेला. म्हणाला, मी बघितलं नाही रे, एडगर. आणि मी ऐकून घेतलं. त्यानंतर कुठल्या तोंडानं सांगणार?"

मी विचारलं, त्याला तुम्ही सांगताय की मी सांगू. ते उठले, हात धुतले आणि म्हणाले, "मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच त्यांना अल्विनच्या शेतावर नेलं. तो गोठ्याच्या दाराशी होता. डॅडनी काही आडपडदा ठेवला नाही, ट्रॅक्टरचंही कारण पुढं केलं नाही. अल्विन ऐकत राहिला. मला वाटलं, मारतोय आता. पण तो कुंपणाला धरून उभा राहिला आणि बोलला.

"मी बघितलं असतं तर कळलंच असतं. ते माझं, माझ्याकडेच राहील. पण तुझं ओझं माझ्याकडून का वाहून घेतलंस रे? बावीस वर्षं?"

अल्विननं गोठ्याचं दार लावून घेतलं. म्हणाला, "मला सांगून भागणार नाही. ओल्वेनला सांग. आत्ता."

ओल्वेन म्हणजे नेस्टाची थोरली बहीण. अपघाताच्या दिवशी अल्विन आणि नेस्टा तिच्याकडेच निघाली होती. मातीच्या दिवशी अल्विननं तिला आपण होऊन सांगितलं होतं की मी ऑइल बघितलं नाही. तेव्हापासून तिनं त्याला दारात उभं केलं नव्हतं.

ती राहते त्या राएडरपर्यंत तासभराचा रस्ता. गाडी मी चालवली. ओल्वेनबाई अठ्ठ्याऐंशीच्या, काठी टेकत दारात आल्या. अल्विनला बघून त्यांनी दार लोटायला घेतलं, पण डॅडनी टोपी काढली आणि पायरीवर उभ्या उभ्याच सगळं पुन्हा सांगितलं.

"तुम्ही शपथ घेऊन बोलला होतात," त्या म्हणाल्या.

"हो."

"मी तिथं होते. पहिल्या रांगेत."

"दिसला होतात तुम्ही मला," डॅड म्हणाले.

ओल्वेनबाईंनी काठी दुसऱ्या हातात घेतली. मग अल्विनकडे वळल्या. "आत ये. पाय पूस." आणि दार लागलं.

मी गाडीचं दार उघडून धरलं, पण डॅड बसले नाहीत. हातात टोपी घेऊन भिंतीपाशी उभे राहिले. खिडकीतून कपबश्यांचा आवाज आला, मग एका म्हाताऱ्या बाईच्या रडण्याचा. तासाभरानं अल्विन बाहेर आला आणि पुढच्या सीटवर बसला.

परतताना अर्ध्या वाटेत डॅड म्हणाले, सोमवारी पोलिसांत जाऊन जबाब देतो.

"जा," अल्विन म्हणाला.

ते गेले. पोलिसांनी जबाब लिहून घेतला. महिन्याभरानं पत्र आलं की वय आणि लोटलेला काळ बघता पुढं काही करायचं नाही. डॅड ते पत्र वाचून म्हणाले, यापेक्षा शिक्षा केली असती तर बरं होतं. गाडी मी जूनमध्ये पुरी केली. ती न्यायला अल्विन आला तेव्हा डॅड मागच्या दारानं निघून गेले. मेंढ्यांच्या बाजारात दोघं समोरासमोर येत, तेव्हा अल्विन त्यांच्याकडे न बघता पुढं जाई. डॅड मात्र दर वेळी टोपी काढत.

ओल्वेनबाईंकडे अल्विन आता दर रविवारी जेवायला जातो. परवा भेटला तेव्हा सांगत होता, म्हातारी अजून त्याला मटणाचा सगळ्यात बारका तुकडा वाढते.