कोल्ह्याची रिकामी जागा

बटण्या अडुसष्ट वर्षांचा झाला, तरी घरात त्याचं नाव बटण्याच. पस्तीस वर्षं त्यानं बस चालवली, डेपोत लोक त्याला अदबीनं हाक मारायचे. पण लहानपणी जुन्या कपड्यांची बटणं उसवून डब्यात भरायचं काम त्याच्याकडे होतं, आणि नाव एकदा चिकटलं ते चिकटलंच. बटणं निघाली की कपडे आईच्या कात्रीखाली जायचे.

आईला गालिच्यांचा नाद होता. लाकडी चौकटीवर गोणपाट ताणायचं, त्यावर कोळशानं एखादा रानातला प्राणी काढायचा आणि लोकरी कपड्यांच्या अरुंद पट्ट्या कापायच्या. पट्टी खालून धरायची, वरून वाकड्या टोकाची आकडी घालायची आणि गव्हाच्या दाण्याएवढा फास वर ओढून घ्यायचा. असे हजारो फास झाले की घुबड बघायला लागायचं. ताईचा शाळेचा हिरवा स्कर्ट गवत झाला आणि बाबांची करडी पँट बगळा झाली. या घरात माणसाला पँट नाही पण पक्ष्याला आहे, असं बाबा येईल त्याला सांगायचे.

आईचा नियम मात्र एकच आणि कडक होता. ज्याचा कपडा, त्यानंच पहिली कात्री लावायची. त्याशिवाय ती चिंधीलाही हात लावत नसे. बाबांनी त्या पँटीसाठी दोन हिवाळे चालढकल केली, आणि शेवटी कात्री लावली तीही दात उपटून घेतल्यासारखं तोंड करून.

तिचा शेवटचा गालिचा अर्धवट राहिला होता. झुडपं झाली होती, त्यांच्यामागचं आभाळही झालं होतं, फक्त मधला कोल्हा नव्हता. तिथे नुसतं गोणपाट दिसायचं. कोल्हा आपल्या विटकरी कोटातूनच करायचा, असं आईनं ठरवलं होतं. कोट कधी कापणार म्हणून विचारलं की म्हणायची, "अजून अंगात आहे. जरा थांब." थांबता थांबता ती गेली. कोट अकरा वर्षं दारामागच्या खुंटीवर लटकत राहिला आणि गालिचा कपाटामागे.

आईमागे आकडी बटण्यानं उचलली. त्याचं हरिण गाढवाकडे झुकायचं, पण ससे बरे जमायचे. आता मात्र बोटं आखडायला लागली होती. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, आणखी एखादा हिवाळा चालतील, पुढचं सांगता येत नाही. तेव्हा त्यानं ठरवलं, काय वाटेल ते होवो, आईचा कोल्हा पुरा करायचा. दुकानातून लाल कापड आणून पाहिलं, तर कोल्हा झुडपात टोमॅटो पडल्यासारखा दिसायला लागला. त्यानं तो मुकाट्यानं उसवला.

राहिला तो कोटच. त्यानं ताईला बोलावून घेतलं. ताई निवृत्त नर्स, जिभेला धार आणि नियमाला पक्की. तिनं चहा संपेपर्यंत त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई गेली म्हणून आईचा नियम गेला का?"

त्याचंही मन तेच सांगत होतं. निदान कोट झटकून ठेवू म्हणून त्यानं तो खुंटीवरून काढून टेबलावर पसरला. हातासरशी आपली कामगिरीही दाखवली. शेवटच्या हिवाळ्यात आईला इतका दम लागायचा की बोलणं दोन-दोन शब्दांवर आलं होतं. एका सकाळी तिनं हा कोट त्याच्या मांडीवर ठेवला आणि खालच्या काठाकडे बोट दाखवलं. काठ दोन बोटं फाटला होता. त्यानं बसच्या सीटा शिवायचा जाड काळा दोरा घेतला आणि तिथल्या तिथे शिवून टाकला. आईनं टाके पाहिले, त्याच्याकडे पाहिलं आणि खोकला येईपर्यंत हसली. मग कोट अंगात घालून म्हणाली, "छान. ऊब येते." आपल्या शिवणकामाचं झालेलं हे एकमेव कौतुक त्यानं अकरा वर्षं जपून ठेवलं होतं.

ताईनं चष्मा लावला. काठ उलटा करून खिडकीपाशी नेला आणि बराच वेळ बोटानं चाचपत राहिली.

"बटण्या, हे फाटलेलं नाही," ती म्हणाली. "हे कापलेलं आहे."

त्यानं वाकून पाहिलं. वेड्यावाकड्या टाक्यांच्या आत कापडाची कड सरळ होती. एक धागाही ओढला गेलेला नव्हता. आईची कात्री अशीच चालायची.

तो खुर्चीवर बसला. आईनं कोट दुरुस्तीला दिलाच नव्हता, कोल्ह्याला दिला होता. आणि यानं घाईघाईनं तिचा होकार शिवून बंद केला होता आणि कोट पुन्हा तिच्याच खांद्यावर चढवला होता. तिला हसू येणार नाही तर काय! त्याला रडू फुटलं. अगदी लहानपणीसारखं, नाक ओढत.

"तिनं सांगितलं का नाही मग?" त्यानं विचारलं.

"तू शिवून दिलास म्हणून," ताई म्हणाली. "मलाही कोणी असं शिवून दिलं असतं, तर मीही घातला असता."

आणि तिनं कात्री त्याच्यापुढे सरकवली.

त्यानं आधी आपले टाके उसवले. सवयीनं दोरा बटणांच्या डब्यात टाकला. मग आईनं कापलेल्या दोन बोटांएवढ्या चिरेत कात्रीची टोकं बसवली आणि ती जिथे थांबली होती तिथून पुढे कापायला लागला.

कोल्ह्याला दीड महिना लागला. शेपटीपर्यंत कोट बरोबर पुरला, कॉलर तेवढी उरली. डोळ्यासाठी काळं काहीतरी हवं होतं. बटण्यानं डबा उघडला, सीटा शिवायचा तो जाड दोरा शोधून काढला आणि आकडीला लावला.