कवचावरचे खवले

चाचणीच्या वाऱ्याच्या टनेलमधून काढलेला कवचाचा नमुना-तुकडा अजून धगधगत होता. ताईने काचेआडून पाहिलं. सुसाट, तापलेल्या वाऱ्याने त्यावर एकमेकांना छेदणारे तिरपे चर कोरले होते. माशाच्या अंगावरचे खवलेच जणू.

याच खेपेच्या मालाचं उष्णतारोधक कवच लावलेल्या यानातून तिचा धाकटा भाऊ दुपारी पृथ्वीवर उतरणार होता.

मोहिमेच्या साहेबांकडे ती धावतच गेली.

"कवचाला भोक पडेल?" साहेबांनी विचारलं.

"नाही. पण चरांनी यान गरगर फिरेल. पॅराशूटच्या दोऱ्यांना पीळ बसेल. आज उतरवू नका हो, हात जोडते."

"वर यानात श्वास घ्यायला हवा उरली नाहीये, बाई. उतरवावंच लागेल."

त्यांनी तिलाच माइकसमोर बसवलं.

"टिल्ल्या, नीट ऐक. यान फिरायला लागलं की उलट बाजूने गॅसचा झोत सोड. थोडा थोडा."

"तुझा आवाज का कापतोय? घाबरायचं तर मी ना?" तो हसला. "आईला काही सांगू नकोस."

"आई माझ्या मागेच उभी आहे."

तो म्हणाला, "खुर्ची दे की तिला."

यान वातावरणात शिरलं आणि आवाज तुटला. खोलीत कुणी हललं नाही. परत आला तो आवाज त्याचा वाटतच नव्हता.

"ताई, गॅस संपला. अजून फिरतंय. डोळ्यांपुढे अंधारी येतेय."

"पॅराशूट उघड!" साहेब ओरडले.

"नको!" ताईने माइक ओढून घेतला. "आत्ता उघडलंस तर पीळ बसेल. खाली हवा दाट आहे, तिथे फिरणं मंदावेल. थांब."

"किती?"

"थांब रे राजा."

पडद्यावर उंची भराभर घटत होती. फिरणं मात्र रेंगाळत कमी होत होतं. आईने ताईचा खांदा घट्ट धरला.

"आता! उघड!"

छत्री अर्धीच फुलली आणि यान जोरात आदळलं.

तो जगला. पण कमरेखाली त्याला काही जाणवत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, जाणवणारही नाही. चौकशी समितीपुढे तज्ज्ञांचं एकमत झालं नाही; आधी उघडलं असतं तर तो धड उतरला असता, असं काहीजण म्हणाले, तर काहींच्या मते पीळ बसून छत्रीचा दोरखंडच झाला असता.

दवाखान्याच्या व्हरांड्यात आईने खालच्या आवाजात विचारलं, "थांब म्हणालीस, ते बरोबर होतं का गं?"

"माहीत नाही, आई. खरंच माहीत नाही."

आई उठून त्याच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.