ओठ पोहोचतात का, ते बघा

मी एक जुनी झोळी आहे. निदान होते. आता माझे तुकडे झालेत, म्हणून मित्रांनो, माझी गोष्टही तुकड्यांतच येईल.

मध्य

झोळी म्हटलं की तुम्हाला छताच्या कडीला टांगलेली आठवेल. मी तशी नव्हते. मला आईच्या अंगाला बांधत. बनियनसारखं ताणलं जाणारं कापड, आणि लांबी साडीएवढी.

झाशीच्या बडा बाजारात टेलरनं मला टेबलावर पसरलं आणि समोरच्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं. गिऱ्हाईक म्हणजे विद्याधर, मालगाडीवरचा गार्ड. ड्यूटीवरून तसाच, गणवेशातच आला होता.

"भाईसाहब, ये साड़ी है कि साफा? हाथी बाँधना है क्या?"

"बेटी बाँधनी है," विद्याधर म्हणाला. "किनारे पक्के कर दो. और ठीक बीच में लाल धागे का निशान."

तो लाल टाका म्हणजे माझा मध्य. बांधताना तो छातीवर येतो आणि तिथूनच सगळं सुरू होतं.

माझं काम एकच होतं. ताणलं की लांबायचं, सोडलं की परत मापात यायचं. मला ते छान जमायचं.

वेढे

मुलगी दिवस भरायच्या आत जन्मली होती. लक्ष्मी गेटजवळच्या घरी पाठवताना नर्सनं तिच्या आईला, प्रमोदिनीला, बजावलं होतं, "छाती से लगाके रखो, यही इसकी दवा है. मुँह हमेशा दिखे. ठुड्डी छाती पर न टिके. और बच्ची इतनी ऊपर रहे कि सिर झुकाओ तो माथा चूम सको."

प्रमोदिनी आधी मला बांधायची. लाल टाका छातीवर, पदर पाठीवर एकमेकांवरून, मग खांद्यांवरून पुढे, कमरेला वेढा, गाठ. मग बाळ आत. एक हात बाळाच्या पाठीशी कायम. बाळाचे पाय बेडकासारखे दुमडलेले, कान आईच्या छातीला टेकलेला. मग ती मान खाली घालायची. ओठ कपाळाला टेकले की म्हणायची, "पोहोचले."

घरात तो खेळच झाला. विद्याधर दारातून आत येताच विचारायचा, "पोहोचले का?"

सासूबाईंना मी फारशी आवडत नसे. "पोर आहे की पोतं? माकडिणीसारखं काय बांधून हिंडतेस?" असं म्हणत त्या दिवसातून दहा वेळा बाळाला बघायला यायच्या. गच्चीत शेजारणी जमल्या की माझा काठ ओढून बाळाचं तोंड झाकू बघायच्या. "दृष्ट लागेल गं."

"लागू दे, आई. श्वास अडायला नको."

मित्रांनो, एवढे दिवस मी फार सुखात होते.

मग बाळाच्या रक्तात जंतू गेले. तिला पुन्हा दवाखान्यात नेलं, तेव्हा मला खुर्चीच्या पाठीवर टाकलं होतं. विद्याधरची गाडी बीना जंक्शनकडे गेलेली. तो परतला, पण दारातून त्यानं काहीच विचारलं नाही.

बारसं व्हायचं राहिलं होतं. त्यामुळे मीसुद्धा तिला नावानं आठवू शकत नाही.

उकळी

सुतक फिटल्यावर सासूबाईंनी घर धुवायला काढलं. चादरी, पडदे, पायपुसणी, मी. मोठ्या पातेल्यात सोडा घालून उकळलं, मग मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर टाकलं. झाशीचं ऊन तुम्हाला माहीत नसेल. तिथे गच्चीवर अनवाणी उभं राहवत नाही.

संध्याकाळी प्रमोदिनीनं मला नाकाशी धरलं.

"आई, वास गेला."

"अगं... मला वाटलं, तुला त्रास नको."

कुणीच रागावलं नाही. तेच जास्त वाईट होतं. मला घडी घालून कपाटात ठेवलं, डांबरगोळ्यांशेजारी.

माझ्या आत बारीक लवचिक दोरे होते, ते त्या उकळीत मेले. घडीत ते कुणाला दिसणार? मलाही कळलं नव्हतं.

गाठ

दुसरं बाळ मुलगा. धडधाकट, रडका. त्याला घरी आणलं त्याच आठवड्यात प्रमोदिनीनं कपाट उघडलं.

"नवी आणतो की," विद्याधर म्हणाला.

"नव्या झोळीत ती नव्हती."

तिनं मला बांधलं. लाल टाका छातीवर, पदर, वेढा, गाठ. बाळ आत. मी जीव खाऊन धरलं.

"छान दिसतोय हो," सासूबाई म्हणाल्या.

प्रमोदिनीनं मान खाली घातली. आणखी घातली.

ओठ पोहोचले नाहीत.

बाळ घसरून पोटाशी आलं होतं. हनुवटी छातीवर टेकलेली, श्वास घरघरत. तिनं त्याला झटकन बाहेर काढलं. तो रडला, आणि त्या रडण्यानं सगळ्यांना बरं वाटलं.

तिनं मला सोडलं, जास्त कसून बांधलं. मी पुन्हा ओघळले. तिसऱ्यांदा बाळ सासूबाईंकडे देऊन तिनं माझं एक टोक ताणलं आणि सोडून दिलं.

मी परत आले नाही. ताणलेली तशीच राहिले.

सासूबाई बाळाला थोपटत होत्या. त्यांचा हात थांबला. "मीच उकळलं ना गं."

"तुम्ही सगळंच उकळलं होतंत, आई. पडदेसुद्धा." प्रमोदिनीनं नाक पुसलं, माझ्याच टोकाला. मग म्हणाली, "कात्री द्या."

"अगं, राहू दे ना कपाटात. आठवण म्हणून."

"उद्या कुणी आपल्या बाळासाठी प्रेमानं मागितली, तर मला नाही म्हणवणार नाही."

विद्याधरनं मला दोन्ही हातांनी धरलं. तिनं कापलं.

सुटे तुकडे

माझे काही तुकडे बाळाचं अंग पुसतात. एक खिडकीच्या काचांना लागला. लाल टाक्याचा तुकडा प्रमोदिनीच्या उशीच्या अभ्र्यात आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू सांगतात, आम्हाला जपा. मी उलटं मागते. मी तुमची कितीही लाडकी असेन, तरी बाळ आत ठेवण्याआधी मला ताणून सोडा. परत आले नाही, तर कापा. मला वाईट वाटणार नाही. वाटलं तरी कापा.

खुंटीवर आता निळी झोळी असते. सकाळी प्रमोदिनी ती बांधते, बाळ आत ठेवते. दारातून विद्याधर विचारतो. अलीकडे पुन्हा विचारू लागलाय.

ती लगेच उत्तर देत नाही. आधी मान खाली घालते.

मी उशीत वाट बघते.

"पोहोचले," ती म्हणते.